ओट्यावरच्या डायऱ्या

मोताळा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी अकरा वर्षं शिकवते आहे. बाकीचे बहुतेक शिक्षक मलकापुरात राहतात आणि रोज अपडाउन करतात. मी शाळेमागच्याच दोन खोल्यांत राहते. त्यात त्याग वगैरे काही नाही. मला मोटरसायकलवर मागे बसायची भीती वाटते, एवढंच. अपडाउन आमच्या घरात नवरा करतो. तो तहसील कचेरीत कारकून आहे. पण गावात राहिल्याचा एक परिणाम असा झाला की संध्याकाळी पाचनंतर इंग्रजी वाचू शकणारं गावात मिळणारं माणूस मी एकटीच उरले, आणि माझ्या ओट्यावर डायऱ्या यायला लागल्या.

या डायऱ्या माझ्या शाळेच्या नव्हेत. मलकापूरच्या रस्त्यावर एक इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. आमच्याकडे अशा शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग ती कोणीही काढलेली असो. तिची पिवळी व्हॅन रोज सकाळी साडेआठला माझ्या शाळेच्या फाटकासमोरून पोरं भरून नेते. त्यातलं एकेक पोरगं म्हणजे माझ्या हजेरीपटावरची एकेक कमी झालेली ओळ. पट असाच घसरत राहिला तर शाळा शेजारच्या गावात जाईल आणि मी कुठेतरी. व्हॅन दिसली की माझ्या कपाळावर आठी यायची. खोटं कशाला सांगू?

डायरीचं प्रत्येक पान एका दिवसाचं. वर्गशिक्षिका लाल शाईनं इंग्रजीत शेरा लिहिते आणि खाली पालकाची सही मागते. आता पालक कोण? सातवी-दहावीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजीचा रट्टा मारून पास झालेल्या आणि लग्नानंतर तो रट्टा चुलीत घातलेल्या बाया. त्यांचे नवरे रानात, नाहीतर मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये. मग त्या पोरांचं बोट धरून यायच्या आणि म्हणायच्या, "मॅडम, पाहा बरं काय लेहलं." सरकारी शाळेच्या मास्तरणीनं कॉन्व्हेंटची डायरी वाचून दाखवायची! मी मनातून जळायचे आणि चष्मा लावायचे.

पहिल्यांदा वाचली तेव्हा अगदी जशीच्या तशी वाचली. एका घरच्या आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. 'युवर वॉर्ड इज व्हेरी केअरलेस' असं लिहिलं होतं. मी सांगितलं, "आजी, तुमचा नातू फार निष्काळजी आहे, म्हणतात." आजींनी डायरी माझ्या हातातून ओढली. "असं लेहलंच नसन. तुमची शाया ओस पडून राह्यली म्हून तुमच्या पोटात दुखते." दुसऱ्या दिवशी हे वाक्य पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलं होतं.

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. त्या दिवसापासून मी डायऱ्या फुंकून वाचू लागले. 'रेस्टलेस' असेल तर म्हणायची, पोरगा चुणचुणीत आहे. 'पुअर इन स्पेलिंग' असेल तर, अक्षर छान आहे, स्पेलिंगचा जरा सराव घ्या. बाया खूश होऊन जायच्या, मला भाजी, शेंगा, हरभऱ्याचे डहाळे आणून द्यायच्या. मी साखर पेरत होते आणि त्याला माणुसकी समजत होते.

गादीवाल्या भाभी माझ्याकडे यायला लागल्या त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर. त्यांचा नवरा रजया आणि गाद्या भरतो, गावोगाव फिरतो. रोहिणखेडपासून मोताळ्यापर्यंत त्याची गिऱ्हाईकं. घरी बसून गादीला टाके घालायचं काम भाभींचं. त्या आल्या की त्यांच्या ओढणीवर, भुवयांवर कापसाचे तंतू असायचे. शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. थोरली दोघं मुलं उर्दू शाळेतच शिकली. पण धाकटी लेक झाली तेव्हा त्यांनी हट्ट धरला की ही कॉन्व्हेंटात जाईल. ती लेक सहा वर्षांची होती, पहिलीत. तिच्या शाळेला सुट्टी असली की पिठाची चाळणी डोक्यावर उलटी घालून गल्लीभर बडबडत फिरणारी. मीच तिला चारदा रागावले होते, माझ्या वर्गाच्या खिडकीशी येऊन माझ्या पोरांना हाका मारायची म्हणून.

भाभींनी आणलेल्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'युवर वॉर्ड डज नॉट स्पीक इन द क्लास.'

मी म्हटलं, "शांत आहे म्हणतात पोरगी. गुणाची आहे."

भाभींचा चेहरा असा खुलला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. पानाखाली त्यांनी उर्दूत सही केली, फुंकर मारून शाई वाळवली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. लेक शांत आहे. लेक गुणाची आहे. कधी 'डज नॉट आन्सर' असायचं, कधी 'काइंडली मीट द क्लास टीचर'. त्या 'काइंडली मीट'चं मी असं केलं की जमलं कधी तर भेटून या, घाई काही नाही. त्यांना इंग्रजी शाळेत जायची धास्ती आहे हे मला माहीत होतं. तिथं जाऊन त्यांची फजिती होऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. भाभी तिथून रडत आल्या तर गाव म्हणणार होतं की मॅडमनं फितवलं, आपल्या शाळेत ओढायला.

एकदा त्या वाटीभर शीरखुर्मा घेऊन आल्या. "घरात सगळ्यायले सांगतलं म्या, लेकीचं शायेत नाव निघते म्हून." मी तो शीरखुर्मा खाल्ला. चांगला झाला होता.

मग एका संध्याकाळी त्यांनी डायरी दाखवलीच नाही. ओट्यावर बसल्या, पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि म्हणाल्या, "मॅडम, रोज रोज तुमच्या दाराशी उभं राहनं बरं दिसत नाई. मले वाचाले शिकवा."

"भाभी, इंग्रजी असं दोन महिन्यांत येत नसतं."

"येईन. गादी बी बाईमाणसाच्यानं भरनं होत नाई म्हनत होते. भरली ना म्या."

मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. अकरा वर्षांत माझ्याकडे कोणी असं काही मागितलं नव्हतं. मुलांना पाठवतात म्हणून ती येतात. ही बाई स्वतः आली होती. आणि एकदा आली ती रोज आली, पाच ते साडेपाच, दिवस मावळतानाच्या मगरिबच्या नमाजाआधी घरी पोचायच्या हिशेबानं.

शिकवायचं कसं हा प्रश्न होता. पुस्तकातल्या पद्धतीनं गेले असते तर 'मी जात आहे, आम्ही जात आहोत' इथंच गाडी रुतली असती. भाभींच्या आयुष्यात 'जात आहे' असं कोणी कधी बोललेलंच नाही. माझ्याही नाही. माझं माहेर मेहकरकडचं, पण सासरी येऊन मी पक्की वऱ्हाडी झाले. काही वर्षांपूर्वी इंग्रजीच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेले होते. चहाच्या वेळी मी कोणाला तरी म्हटलं, "मी जेवायला जाऊन राह्यले." तिथल्या एक बाई लाडानं म्हणाल्या, "जाऊन कुठे राहिलात?" आणि पाचसहा जणी हसल्या. त्या दिवशी मी मनात एक गाठ मारली. पुढचे चार दिवस मी मुद्दाम 'राह्यले'शिवाय एक वाक्य बोलले नाही.

तेच 'राह्यले' आता कामाला आलं. मी भाभींना म्हटलं, तुम्ही काय करून राह्यल्या? त्या म्हणाल्या, शिकून राह्यली. मी म्हटलं, शिकून हा एक तुकडा, राह्यली हा दुसरा. इंग्रजीतही दोनच तुकडे. फक्त राह्यलीचा तुकडा आधी येतो, 'इज', आणि शिकूनचा मागून, 'लर्निंग'. शी इज लर्निंग. भाभींनी दोन्ही तुकडे वहीत दोन रकान्यांत लिहिले, मधे टाका घातल्यासारखी तिरपी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी धावतच आल्या.

"मॅडम, फोनमंधली बाई! दहा वर्सं झाले थे मले रोज सांगून राह्यली, 'इज स्पीकिंग टू समवन एल्स'. बोलून राह्यला! दुसऱ्यासंगं बोलून राह्यला!"

मग त्यांना नादच लागला. बिस्किटाच्या पुड्यावरचं, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं, बसच्या खिडकीखालचं, पेंडीच्या पोत्यावरचं, जे इंग्रजी दिसेल ते वहीत उतरवून आणायच्या. आम्ही ते ओट्यावर फोडायचो. 'कीप' म्हणजे ठेवा, 'शेक' म्हणजे हलवा, 'पुश' म्हणजे ढकला. हुकूम द्यायचा असला की इंग्रज कर्त्याला घरी ठेवून येतो, क्रियापद एकटंच पुढे पाठवतो. 'काइंडली' लावलं की तोच हुकूम जरा कमरेत वाकतो. 'बी' आणि मागे 'पेड', 'साइन्ड', 'टेकन' आलं की करणारा कोण ते सांगायचं नाही, नुसतं झालं पाहिजे. भाभी म्हणाल्या, "आमच्या सासूसारखं. 'भांडे घासले जाले पाह्यजे.' कोनं घासाचे थे नाई सांगत." मी आजवरच्या नोकरीत कर्मणी प्रयोग इतका सरळ कोणाला शिकवला नव्हता. महिनाभरात त्यांना समजलं होतं की डायरीतसुद्धा तीनचारच साचे आहेत. 'युवर वॉर्ड' म्हणजे तुमचं पोरगं, मग इज, हॅज किंवा विल, आणि पुढे काय ते.

एक मात्र मी शिकवलं नाही. इज शिकवलं, आर शिकवलं, हॅज, विल, कॅन, सगळं शिकवलं. 'नॉट' शिकवलं नाही. नकारार्थी वाक्यं पुढच्या आठवड्यात घेऊ, असं मी चार आठवडे म्हणत होते. रोजची डायरी मात्र अजून मीच वाचायचे, कारण कॉन्व्हेंटच्या बाईंचं एकाला एक जोडून लिहिलेलं अक्षर भाभींना लागत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं असतं तसं माझं झालं होतं. त्यांना वाचता यावं असं मला मनापासून वाटत होतं आणि त्यांना वाचता येऊ नये असंही मनापासून वाटत होतं.

जानेवारीत भाभी मलकापुराहून गाद्यांच्या खोळींचं कापड घेऊन आल्या. ताग्यात मधे एक विरलेला पट्टा निघाला. परत करायला गेल्या तर दुकानदारानं बिलाच्या तळाशी बोट ठेवलं आणि सांगितलं, एकदा विकलेला माल वापस घेत नाही. संध्याकाळी ते बिल घेऊन त्या ओट्यावर आल्या. नुकसानीचं दुःख त्यांना नव्हतं, ओळ वाचायची होती. 'गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.' एकेक शब्द त्यांनी लावला. गुड्स म्हणजे माल, हे दुकानदारानं सांगितलं होतं. विल आलं, बी आलं, टेकन आलं, बॅक आलं.

"सगळं समजलं. पन दुकानदार तं 'घेत नाई' म्हने. मंग यातला 'नाई' कोनता हाय?"

मी चष्मा पुसायला घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीच न लागलेल्या एकुलत्या एका शब्दावर नख ठेवलं. "हा?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी बिलाची घडी केली. "हा तं डायरीत बी हाय. रोजच हाय." आणि साडेपाच व्हायला पुष्कळ वेळ असताना उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी तिसरी-चौथीला भागाकार घालून दिला होता. भाभी शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. हातात डायरी, सकाळी लेकीच्या दप्तरातून काढून ठेवलेली. पानांचे कोपरे दुमडलेले, इतके की डायरी एका बाजूनं फुगली होती. त्या रात्रभर झोपल्या नसाव्यात असं डोळ्यांवरून वाटत होतं.

"हे वाचा, मॅडम. जसं हाय तसं."

मी म्हटलं, संध्याकाळी वाचू. त्या म्हणाल्या, आत्ता. मी चष्मा लावला. पोरं भागाकार सोडून खिडकीत आली. त्यांना हाकलायचंही मला सुचलं नाही.

मी वाचलं. तुमची मुलगी वर्गात बोलत नाही. तुमची मुलगी उत्तर देत नाही. वर्गशिक्षिकेला येऊन भेटा. तुमची मुलगी कोणाशीच बोलत नाही. पाणी पीत नाही, बाटली भरलेलीच घरी जाते. येऊन भेटा. बोलत नाही. बोलत नाही. कृपया येऊन भेटा. शेवटचं पान परवाचं होतं. ते मी परवा असं वाचून दाखवलं होतं की पुढच्या वर्गाची तयारी करून घ्या. खरं असं होतं: मुलगी बोलली नाही तर तिला पुढच्या वर्गात घेतलं जाणार नाही.

"पानी पीत नाई, हे कधीचं लेहलं हाय?"

"दीड महिना झाला."

"घरी आली की माठाशी उभी राहून तीन तीन गिलास पेते. मले वाटलं खेळून आली." त्यांचा आवाज चढला नाही. "भेटाले या म्हून तीनदा लेहलं?"

"तीनदा."

"तुमी काऊन नाई सांगतलं?"

मी खरं ते सांगितलं. आजींचं प्रकरण सांगितलं, गिरणीवर झालेली बोलणी सांगितली, लोक म्हणतील मॅडमला पोरगी आपल्या शाळेत ओढायची आहे, म्हणून. बोलताना मला कळत होतं की हे सगळं किती बारीक आहे.

भाभी म्हणाल्या, "लोकायच्या बोलन्यापायी तुमी माही बडबडी पोट्टी मुकी होऊ देली."

मला वाटलं, आता ही बाई पुन्हा माझ्या ओट्यावर येणार नाही. पण जायच्या आधी त्या म्हणाल्या, "सोमवारी शायेत जाऊन राह्यली मी. तुमी संगं या. बोलाचं नाई. मी चुकली तं चुकू द्या. फक्त थे काय म्हनतात थे नंतर मले सांगजा, आनि खरं सांगजा."

शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्या आल्या, फक्त 'नॉट' शिकायला. मी अर्धी रजा टाकली आणि सोमवारी आम्ही ऑटोनं गेलो. वाटेत त्या ओठातल्या ओठात वाक्यं म्हणत होत्या.

वर्गशिक्षिका बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. पहिलीच नोकरी, इस्त्रीची साडी, आणि चेहऱ्यावर आमच्यापेक्षा जास्त धास्ती. तिथं पालकांशी इंग्रजीतच बोलायचा नियम होता. भाभी खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्या राहूनच म्हणाल्या, "माय डॉटर इज नॉट स्पीकिंग. शी इज नॉट ड्रिंकिंग वॉटर. व्हाय?"

तीन वाक्यं. पुण्याच्या त्या प्रशिक्षणात कोणी ऐकली असती तर त्यांनी काळ सुधारून दिला असता. मला रडू येत होतं आणि मी ते गिळत होते, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

वर्गशिक्षिका भराभर इंग्रजीत काहीतरी सांगू लागली. भाभींनी हात वर केला. "स्लो." ती थांबली. तिनं ऑफिसच्या दाराकडे पाहिलं, ते लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात मराठीत बोलली. दिवाळीच्या सुट्टीच्या जरा आधीची गोष्ट. वर्गात नियम आहे की बाहेर जायचं तर इंग्रजीत विचारायचं, 'मे आय गो टू द टॉयलेट.' पोरगी उभी राहिली आणि आपल्या भाषेत बोलली. हिनं सांगितलं, इंग्रजीत बोल. पोरगी तशीच उभी राहिली. पूर्ण वाक्य तिला येईना. ही दुसऱ्या मुलाची वही पाहत होती. तेवढ्यात बाकाखाली ओलं झालं आणि पोरं हसली. त्या दिवसापासून ती पाणी प्यायची बंद झाली, म्हणजे विचारायची वेळच येऊ नये. आणि बोलायचीही.

"मी लिहिलं होतं, मॅडम," वर्गशिक्षिका भाभींना म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सारखं लिहिलं. खाली तुमची सही असायची. मला वाटलं तुम्ही वाचलं आणि तुम्हाला काही वाटलं नाही."

मी खाली पाहिलं. आता भाभी माझ्याकडे बोट करतील, असं वाटलं. त्यांनी केलं नाही. त्या म्हणाल्या, "मिस्टेक. माय मिस्टेक." मग त्यांनी श्वास घेतला आणि डायरीतलेच साचे डायरीवालीला परत दिले. "शी विल लर्न. शी विल से. बट नाऊ, काइंडली सी हर फेस. काइंडली सेंड हर. डू नॉट आस्क इंग्लिश."

वर्गशिक्षिकेनं मान हलवली. नुसती हलवली नाही, वहीत लिहून घेतलं.

परतताना ऑटोत भाभी डायरीचे दुमडलेले कोपरे एकेक करून सरळ करत होत्या. माझा गुन्हा त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायला लागणारं तोंड माझ्याजवळ नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांची डायरी मी जशी आहे तशी वाचू लागले. हळूहळू त्या स्वतःच वाचायच्या, अडलं तर विचारायच्या. घरी लेकीला घेऊन बसायच्या. 'मे आय'चा साचा त्यांनी घरभर लावला. मे आय ईट. मे आय गो. मे आय स्लीप. नवरा गादी भरता भरता विचारायचा, मे आय ड्रिंक टी, आणि पोरगी बापाला 'नो' म्हणून खदखदा हसायची. फेब्रुवारीत बाटली अर्धी रिकामी येऊ लागली. मार्चमध्ये एके दिवशी तिनं वर्गात उभं राहून पूर्ण वाक्य म्हटलं. ते मी ऐकलं नाही, भाभींनीही ऐकलं नाही. डायरीत एका ओळीत आलं तेवढंच.

आणि परीक्षेच्या आधल्या आठवड्यात भाभी ओट्यावर आल्या, माझ्यापुढे पान धरलं. "वाचा."

मी वाचलं. "तुमची मुलगी वर्गात फार बोलते. शेजारच्या मुलांना त्रास होतो. कृपया समज द्या."

आम्ही दोघी किती वेळ हसलो कोण जाणे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांच्याही आलं. ओट्यावर तेव्हा आणखी दोनतीन बाया डायऱ्या घेऊन बसल्या होत्या, त्यांना काही कळेना. त्या हसण्याच्या भरात मला धीर आला. इतके दिवस मनात होतं ते मी बोलून टाकलं. "भाभी, जूनमध्ये टाका हिला माझ्या शाळेत. मी शिकवते. बघा तर खरं."

भाभींनी डोळे पुसले. वाईट वाटून घ्यायला मला जागाच राहणार नाही इतक्या शांतपणे त्या बोलल्या. "मॅडम, तुमच्याएवढं चांगलं मले कोनी शिकवलं नाई. पन मी इथं रोज बसून राह्यली, मले आता वाचता येते. काल त्या ताईच्या डायरीत 'हिट्स अदर चिल्ड्रन' होतं. तुमी म्हनले, पोरगा ताकदीचा हाय." त्यांनी डायरी पिशवीत घातली. "तुमी अजून भेता. भेनाऱ्याजवळ मी माही लेक नाई टाकत."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मला राग आला. माझ्याच ओट्यावर, माझ्याच शिकवलेल्या बाईनं, चारचौघींत! तो राग रात्री जेवताना होता, सकाळी प्रार्थनेला होता, दुपारी खिचडी वाढतानाही होता. त्याचा जोर ओसरला तेव्हा खाली फक्त भाभींचं वाक्य उरलं, आणि त्यात मला एक शब्द चुकीचा सापडेना.

संध्याकाळी पाचला पहिली डायरी आली. तीच, ताकदीच्या पोराची. मी चष्मा लावला, पोराच्या आईला समोर बसवलं आणि लाल शाईत होतं ते वाचलं. मग मागची पानं उलटली आणि सांगितलं की ही मी चुकीची वाचली होती, आता पुन्हा वाचते. बाईचा चेहरा उतरला, मग तिच्या कपाळावर आठी आली. उद्या गिरणीवर काय बोललं जाणार ते मला तिथंच दिसत होतं. मी पुढचं पान वाचलं.